भोपळ्यातली कोळंबी: ब्राझीलच्या एका जेवणामागचा प्रवास

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात, समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत, चार माणसं जेवायला यायची असली की अख्खा भोपळाच टेबलावर येतो. देठाकडची चकती झाकणासारखी कापलेली, आत नारळाच्या दुधात शिजलेली कोळंबी, वर वितळलेलं चीज. नाव ‘कामारांव ना मोरांगा’, म्हणजे सरळसोट ‘भोपळ्यातली कोळंबी’. मोरांगा हा तिथला बसका, खोल रेघांचा, नारिंगी सालीचा भोपळा. वाढणारी बाई डाव आत घालते ती नुसता रस्सा काढत नाही, कडेचा मऊ गर खरवडून सोबत घेते. बाजूला पांढरा भात. यापुढे दुसऱ्या भाजी-आमटीची गरजच राहत नाही.

हा पदार्थ कसा जन्मला याची एक गोष्ट त्या किनाऱ्यावर सगळे सांगतात. उबातुबा गावासमोर आंशिएता नावाचं बेट आहे. पूर्वी त्याला डुकरांचं बेट म्हणत. जेझुइट पाद्री जुझे द आंशिएता यांच्या जन्माला ४०० वर्षं झाली तेव्हा, १९३४ साली, ते नाव बदललं. बेटावर तुरुंग होता. तिथल्या कैद्यांसाठी होडीतून भोपळे येत असताना काही समुद्रात पडले, लाटांबरोबर किनाऱ्याला लागले, आणि स्वयंपाक्यानं उचलून पाहिले तर आत कोळंबी शिरलेली. त्यानं ते तसेच शिजवले. पुढे ही कृती किनाऱ्याकिनाऱ्यानं बेर्चिओगा गावी पोचली आणि तिथल्या खाणावळींनी तिला नाव मिळवून दिलं. बेर्चिओगात आजही या पदार्थाचा महोत्सव भरतो.

तुरुंग खरा आहे. २० जून १९५२ रोजी तिथल्या कैद्यांनी मोठा उठाव केला, १९५५ मध्ये तुरुंग बंद झाला आणि १९७७ पासून ते बेट राखीव उद्यान आहे. पडक्या कोठड्या अजून उभ्या आहेत. पण भोपळ्याची गोष्ट मला पटत नाही. भोपळा पाण्यात तरंगतो. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला सुके भोपळे बांधायचे ते त्यासाठीच. साबूत भोपळ्यात कोळंबी शिरायला वाट नाही, आणि फुटलेला भोपळा चार दिवस खाऱ्या पाण्यात राहिला तर त्याची भाजी कोण करणार? शिवाय आजच्या कृतीतलं चीज, नारळाचं दूध, कोथिंबीर यांचा या गोष्टीत पत्ताच नाही. या पदार्थाचा इतिहास त्या बेटापेक्षा फार मोठा आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतं. म्हणून तो नीट सांगावासा वाटतो.

भोपळ्यापासून सुरुवात करू. लाल भोपळ्याचं सगळं कुळ अमेरिका खंडातलं. मेक्सिकोत वाहाका भागातल्या एका गुहेत सापडलेल्या त्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षं जुन्या आहेत. मोरांगा ज्या जातीत मोडतो ती मात्र दक्षिण अमेरिकेतली. तिचा रानटी पूर्वज अजून अर्जेंटिनात उगवतो. भोपळा पोकळ करून त्यातच जेवण वाढायची रीत त्या भागात इतरत्रही आहे. अर्जेंटिनात ‘कार्बोनादा’ नावाचा गोमांस, मका, रताळी आणि पीच यांचा रस्सा भाजलेल्या भोपळ्यात ओततात. (आर्मेनियातही भात, सुकामेवा आणि मध भरून भोपळा भाजतात, पण तो गोडाकडे झुकतो.)

कोळंबी किनाऱ्याची, तिचं मूळ शोधत बसायला नको. चीज अलीकडचं. बहुतेक घरांत त्यासाठी ‘काटुपिरी’ वापरतात. हे मऊ, पसरणारं चीज १९११ साली मिनास जेराइस राज्यातल्या लांबारी गावात सिल्व्हेस्त्रीनी या इटालियन स्थलांतरित दांपत्यानं बनवायला घेतलं. म्हणजे आजच्या रूपातला पदार्थ त्याआधीचा असूच शकत नाही.

खरी गंमत आहे ती नारळाची. ब्राझीलचा किनारा म्हटलं की माडांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात, पण ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावर पोर्तुगीज उतरले तेव्हा तिथे माड नव्हता. १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल लिस्बनहून १३ जहाजं घेऊन निघाला तो कालिकतला जायला. वाटेत २२ एप्रिलला ब्राझीलचा किनारा दिसला, आणि सप्टेंबरात तो कालिकतला पोचलाही. एकाच सफरीनं दोन्ही किनारे जोडले गेले. हिंदी महासागरातला नारळ पोर्तुगीजांनी आधी आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर लावला आणि तिथून ब्राझीलच्या बाहियात नेला. बाहियातला एक ऊसमळेवाला, गाब्रिएल सोआरेस द सौझा, यानं १५८७ साली लिहून ठेवलंय की बाहियात माड पाच-सहा वर्षांत धरतो, भारतात मात्र वीस वर्षं लागतात. कोकणातला बागायतदार ही वीस वर्षं मान्य करणार नाही. आपला बाणवली माड सहा-सात वर्षांत धरतो, आणि त्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते बाणावली गोव्यातच आहे. २०११ साली जगभरच्या तेराशेहून अधिक माडांचे जनुक तपासून शास्त्रज्ञांनी त्यांचे दोन गट पाडले, तेव्हा अटलांटिक किनाऱ्यावरचा माड भारताकडच्या गटातला निघाला.

याच समुद्रमार्गांनी भोपळा, मिरची, काजू उलट दिशेनं इकडे आले. भोपळा हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता, दुधीचा, तंबोऱ्याचा, बैराग्याच्या तुंब्याचा. नव्या फळाला तोच शब्द दिला आणि पुढे लाल किंवा तांबडा जोडला. विदर्भात मात्र ते कोहळंच म्हणतात.

म्हणजे तांबडा भोपळा, कोळंबी आणि नारळ, तिन्ही आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षं तरी शेजारी नांदताहेत. भाजीत कोळंबी घालायला सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. खाली-वर निखारे ठेवून भाजलेलं कोळंबीचं भानोळंही त्याच घरांतलं. मग अख्खा भोपळा का भरला नाही? मला वाटतं, कारण बाजारातच आहे. आपला भोपळा मोठा, तो फोडीनं विकला जातो, आणि घरात ओव्हन नव्हता.

आता दोन्ही अडचणी उरलेल्या नाहीत. मंडईत दीड-दोन किलोचा गोल ‘डिस्को भोपळा’ मिळतो. त्याची चकती कापून बिया आणि धागे काढायचे, आतून मीठ चोळायचं आणि ओव्हनमध्ये पालथा घालून पाऊण तास भाजायचा. पालथा एवढ्यासाठी की सुटलेलं पाणी खाली निथळतं. उताणा ठेवला तर ते तळाशी साठून रस्सा पांचट होतो. सुरी गरात सहज जाते पण साल अजून ताठ आहे, तिथे थांबायचं. मग आतून चीजचा हात फिरवायचा. कांदा, लसूण, टोमॅटोवर कोळंबी परतून दाट नारळाचं दूध घालायचं, कोथिंबीर टाकायची, भोपळ्यात ओतायचं आणि पुन्हा दहा-पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये. कोळंबी कढईत अर्धीकच्चीच ठेवायची. उरलेली ती भोपळ्यातच शिजते.