लहान मुलांमधले सेन्सरी इश्यूज

मिक्सर सुरू झाला की कान दाबून रडणारं, कॉलरमागचं लेबल टोचतं म्हणून शर्टच काढून फेकणारं, वरणभातात मोहरीचा दाणा जिभेला लागला तरी ओकारी काढणारं पोर. घरचे म्हणतात हट्टी आहे, आजी म्हणते लाडावून ठेवलंय. पण दर वेळी तो हट्ट नसतो. आवाज, स्पर्श, उजेड, वास, चव, हालचाल यातलं काहीतरी त्या मुलाला इतरांपेक्षा खूप जास्त किंवा खूप कमी जाणवतं आणि त्याने रोजचं खाणं, झोप, अंघोळ, शाळा अडायला लागलं की त्याला संवेदी प्रक्रियेतल्या अडचणी म्हणतात. हे झालं पुस्तकी नाव, पालक आणि थेरपिस्ट सरळ सेन्सरी इश्यूज म्हणतात.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो पण इथे आणखी तीन धरावी लागतात. वेस्टिब्युलर म्हणजे आतल्या कानातून येणारी तोलाची जाणीव, प्रोप्रिओसेप्शन म्हणजे डोळे मिटले तरी आपले हातपाय कुठे आहेत हे स्नायू-सांध्यांतून कळणं, आणि इंटरोसेप्शन म्हणजे भूक, तहान, शू लागल्याची आतली खबर. पाच वर्षांचं मूल खेळता खेळता चड्डीत शू करतं तेव्हा कधीकधी त्याला ती खबरच उशिरा लागलेली असते, अर्थात बद्धकोष्ठ किंवा लघवीचं इन्फेक्शन नाही ना हे आधी बघावं.

या कल्पनेचं मूळ कॅलिफोर्नियात आहे. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) आणि सायकॉलॉजिस्ट ए. जीन एअर्स यांनी सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे इंद्रियांकडून येणारी माहिती मेंदू कशी एकत्र जुळवतो याची, थिअरी मांडली, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं. पुढे १९९७ मध्ये विनी डन यांनी जी मांडणी केली ती मला सगळ्यात कामाची वाटते. त्यात दोनच गोष्टी बघायच्या, जाणीव व्हायला थोडंसं पुरतं की भरपूर लागतं, आणि मूल त्यावर स्वतः काही करतं की नुसतं सोसतं. थोड्यानेच त्रास होणाऱ्यांतलं एक मूल गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजला की पळून घरात शिरतं, दुसरं तिथेच उभं राहून किरकिर करत राहतं. भरपूर लागणाऱ्यांतलं एक सोफ्यावरून उड्या मारतं, गरागरा फिरतं, कॉलर चावत बसतं, आणि दुसरं चार हाका मारल्या तरी बघत नाही, नाक गळतंय याचाही पत्ता नसतो. हे शेवटचं मूल शांत गुणी म्हणून सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. आणि एकच मूल आवाजाला घाबरतं पण झोपाळ्यावरून उतरत नाही असंही असतं, त्यामुळे सरसकट शिक्का मारता येत नाही.

हा आजार आहे का, यावर एकमत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात, २०१३ साली, याला वेगळं निदान म्हणून जागा मिळाली नाही, मात्र ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निकषांत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद हा मुद्दा आला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीनेही २०१२ मध्ये हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका असंच सांगितलं. उलट अगदी लहान मुलांसाठीच्या डीसी:०-५ या वर्गीकरणात ते आहे. ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असलेल्या मुलांत हे बरंच दिसतं, पण दोन्ही नसलेल्या मुलांतही दिसतं, त्यामुळे लेबल टोचलं म्हणून ऑटिझम असा उलटा हिशोब करू नये.

उपचार म्हणजे बहुतेक ठिकाणी ओटी, ऑक्युपेशनल थेरपी. भारतात ओटीचं शिक्षण मुंबईच्या केईएममध्ये १९५० साली सुरू झालं, आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणजे लवकर हस्तक्षेपाची केंद्रं आहेत, तिथे पैसे लागत नाहीत, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. खाजगी सेंटरमध्ये झोपाळे, बॉल पूल, ट्रॅम्पोलिन असतात, मूल खूश होतं. पण पुरावा किती? वेल्स आणि इंग्लंडमध्ये ४ ते ११ वयाच्या १३८ ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या चाचणीत, जिचे निकाल २०२२ मध्ये आले, सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीने चिडचिड आणि वागण्यात नेहमीच्या मदतीपेक्षा जास्त फरक पडला नाही. जड ब्लँकेटचंही तसंच, २०१४ च्या एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलांची झोप त्याने वाढली नाही, मुलांना आणि आईबापांना ते आवडलं मात्र. तान्ह्या बाळावर तर ते घालूच नये. त्यामुळे वर्षभराच्या सेशनचे पैसे एकदम मागणाऱ्याला आधी विचारावं की तीन महिन्यांत नक्की काय बदलायला हवं, दात घासणं की शर्ट घालणं की वर्गात बसणं.

घरात करण्यासारखं बरंच आहे आणि ते स्वस्त आहे. लेबल कापा, मिक्सर लावायच्या आधी सांगा, मिरवणुकीला इअरमफ घाला किंवा लांबून दाखवा. दिवाळीच्या पहाटे उटणं खरखरीत लागत असेल तर नुसतं तेल लावलं तरी चालतं, नरकासुर काही रागावत नाही. हलका हात काही मुलांना गुदगुल्यांसारखा नकोसा होतो, घट्ट धरलेलं चालतं. केस कापताना मशीनचा आवाज आणि मानेवर पडणारे केस दोन्ही एकदम नको, घरी कात्रीने दोन दिवसांत थोडे थोडे कापले तरी काम होतं.

हाकेला ओ देत नसेल तर सेन्सरी म्हणण्याआधी कानाची तपासणी करून घ्या. आणि चार-पाचच पदार्थ खाणाऱ्या मुलाचं वजन वाढत नसेल, किंवा येत असलेले शब्द ते विसरायला लागलं असेल तर ओटीच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जा.