गाइडातले ‘हॉट्स’ आणि वीस मीटर तार

शाळा सुरू झाल्या की इंदूरच्या खजुरी बाजारात गाइडांचे गठ्ठे लागतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सीबीएसईने क्षमताधारित प्रश्न वाढवले, आणि गणिताच्या गाइडावर ‘हॉट्स’ हा शिक्का तर हटकून दिसतो. उच्चस्तरीय विचाराचे प्रश्न, आणि शेवटच्या पानांवर त्यांची तयार उत्तरं! उत्तर पाठ केलं की उरते ती निव्वळ घोकंपट्टी.

अवघड म्हणजे उच्चस्तरीय, हा घरोघरचा गैरसमज. सहा आकडी गुणाकार घाम काढतो, पण त्यात आठवायची ती फक्त रीत. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली विचाराच्या पायऱ्यांची शिडी २००१ मध्ये सुधारली गेली: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. प्रश्न कुठल्या पायरीचा, हे सोडवणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे त्यावरही ठरतं.

लांबी ६ मीटर, रुंदी ४, क्षेत्रफळ किती? सूत्र घातलं, २४ चौरस मीटर, विषय संपला. आता उलटं विचारा: २० मीटर तारेत जास्तीत जास्त जागा घेरणारा आयत कोणता? मुलं मांडून बघतात: ५×५=२५, ६×४=२४, ७×३=२१, ८×२=१६. चौरस जिंकला, फळा पुसला. पण २५ पेक्षा किती कमी पडलं ते बघा: १, ४, ९. सगळ्या वर्गसंख्या! एक बाजू ५+क्ष झाली की दुसरी ५−क्ष होणारच, आणि गुणाकार २५−क्ष². क्ष² कधी ऋण होत नाही, म्हणून २५च्या वर कुणाचीच मजल जात नाही, अपूर्णांकी बाजूंचीसुद्धा. चार उदाहरणांवरून बांधलेला अंदाज इथे सिद्ध झाला.

आता एका बाजूला आधीच उभी भिंत आहे, तार तेवढीच. ‘चौरसच मोठा’ एवढंच पाठ असलेला गडी २० ला ३ ने भागतो, सुमारे ६.६७ मीटर बाजूचा चौरस करतो आणि ४४.४ चौरस मीटरवर अडकतो. भिंतीला आरसा समजा. प्रतिबिंबासकट तार ४० मीटर, त्यातला सर्वांत मोठा आयत १०×१० चा चौरस, आणि त्याचा अर्धा भाग आपला: ५० चौरस मीटर. कुंपण १० बाय ५ चं, चौरस नाहीच!

दोन भिंतींच्या कोपऱ्यात कुंपण घालायचं असेल, तर आरसे दोन लावा.