उसन्या कसबांतून घडलेली पोलादी शिडनौका

बेर्नार मोआतेसिए या फ्रेंच दर्यावर्दीची 'जोशुआ' ही सुमारे 12 मीटर लांबीची पोलादी नौका 1962 मध्ये पाण्यात उतरली. आराखडा झाँ क्नोकेर यांचा होता. बांधणी मात्र समुद्रापासून बरेच आत असलेल्या शोफाय या गावी, एरवी पत्र्याची जड कामे करणाऱ्या कारखान्यात झाली होती, आणि डोलकाठ्यांसाठी टेलिफोनच्या तारांचे लाकडी खांब वापरले होते. आपल्या गरजेनुसार एकच पोलादी नौका बांधून घेण्याच्या आजच्या रीतीचा माग काढू लागले, की हा प्रकार विक्षिप्त वाटेनासा होतो. अशा नौकेतील जवळजवळ प्रत्येक कसब दुसऱ्याच धंद्यातून आलेले आहे.

लोखंडाच्या नौकेला सुरुवात करून दिली ती ओतशाळेच्या मालकाने. जॉन विल्किन्सन यांनी 1787 मध्ये इंग्लंडमधील सेव्हर्न नदीत लोखंडी पत्र्यांची मालवाहू होडी सोडली आणि ती तरंगली. समुद्रावर जायचे तर मात्र होकायंत्राची अडचण होती, कारण लोखंडी कवच सुईला भलतीकडेच ओढते. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञांनी 1838 मध्ये 'रेनबो' या लोखंडी आगबोटीवर प्रयोग केले आणि होकायंत्राजवळ चुंबक व लोखंडाचे तुकडे बसवून हा दोष कसा घालवावा, ते दाखवले. पोलादी नौकेवर होकायंत्राची तशी दुरुस्ती आजही करावी लागते. बेसेमर यांच्या 1856 मधील पद्धतीने आणि पुढे सीमेन्स-मार्टिन भट्टीने पोलाद स्वस्त केले, तेव्हा घडीव लोखंड मागे पडले.

हौशी शिडनौकांत पोलाद शिरले ते शर्यतीच्या वाटेने, आणि तेही श्रीमंतांसाठी. 1887 च्या अमेरिका चषकात 'थिसल' आणि 'व्हॉलंटिअर' या दोन्ही प्रतिस्पर्धी नौका पोलादी होत्या. 1895 च्या 'डिफेंडर'ने त्यापुढे जाऊन पाण्याखाली कांस्य, वर ॲल्युमिनियम आणि आत पोलादी बरगड्या असा मेळ घातला. खाऱ्या पाण्यात हे धातू एकमेकांना खाऊ लागले आणि काही वर्षांतच ती मोडीत निघाली. 1937 ची 'रेंजर' पोलादी होती, तरी या काळातील शर्यतीच्या नौकांचे बहुतेक काम रिव्हेटचे होते. एकाने रिव्हेट लाल करायचा, दुसऱ्याने आतून टेकू द्यायचा, तिसऱ्याने ठोकायचा, अशी टोळीच लागे. एकट्यादुकट्याने अंगणात करण्याचा तो उद्योग नव्हता.

ही टोळी वेल्डिंगने घालवली. 1920 मधील 'फुलागर' हे पूर्णपणे वेल्ड केलेले पहिले समुद्रगामी जहाज मानले जाते. दुसऱ्या महायुद्धातील घाईच्या बांधणीत मात्र या तंत्राची कसोटी लागली. जानेवारी 1943 मध्ये 'शेनेक्टडी' हे तेलवाहू जहाज अमेरिकेतील पोर्टलंड येथे शांत पाण्यात धक्क्याला बांधून ठेवलेले असताना मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि तडा अडवणाऱ्या सांध्यांचा अभाव, ही त्यामागची कारणे पुढे स्पष्ट झाली. आज जहाजांसाठी प्रमाणित पत्रा मागवताना चिवटपणाचे दाखले पाहिले जातात, त्याचे मूळ या अपघातांत आहे.

छोट्या नौकेवर भीती फाटण्याची नसते, पत्रा ओढला जाण्याची असते. लांब सांधा एका दमात भरला, तर थंड होताना तो आखडतो आणि आजूबाजूचा पत्रा खेचून घेतो. मग रंग चढवल्यावर, तिरप्या उन्हात, उपाशी बैलाच्या बरगड्यांसारखी आतली चौकट बाहेरून मोजता येते. म्हणून आधी ठिकठिकाणी टाके मारायचे, मग डावीकडे थोडे, उजवीकडे थोडे असे जागा सोडत वेल्ड करायचे. मापे अचूक असूनही नौका बेढब निघते ती बहुधा इथेच.

वजनाचे गणितही निष्ठुर आहे. 4 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे 31 किलो भरतो, आणि 60 चौरस मीटरच्या कवचाची जाडी एकाच मिलिमीटरने वाढवली तरी सुमारे 470 किलोंची भर पडते. त्यामुळे काचतंतूंच्या (फायबरग्लासच्या) नौका आल्यावर शर्यतीतून पोलाद हद्दपार झाले आणि दूरच्या, एकाकी प्रवासासाठी उरले. हे नुकसान नव्हते, असे माझे मत आहे. 1968 मध्ये केप ऑफ गुड होपजवळ 'जोशुआ' मालवाहू जहाजावर आदळली आणि नाळेतून पुढे आलेली पोलादी काठी वाकली. मोआतेसिए यांनी ती कप्पी-दोरांनी ताणून समुद्रातच सरळ केली. एकट्याने प्रवास करणारे दर्यावर्दी डेव्हिड लुईस यांची 'आइस बर्ड' ही नौका अंटार्क्टिकाच्या वाटेवर उलटली, डोलकाठी गमावून बसली, पण तिचे पोलादी कवच त्यांना किनाऱ्यापर्यंत घेऊन गेले.

गंजावरचा उपायही बाहेरूनच आला. वाळूच्या माऱ्याने पत्रा पांढराफटक करून त्यावर इपॉक्सीचे थर देण्याची रीत रुळेपर्यंत शिशापासून केलेल्या शेंदरी रंगावर भिस्त होती. जस्ताचे तुकडे बसवून दुसरा धातू वाचवण्याची युक्ती तर हम्फ्री डेव्ही यांची, 1824 मधली, तांबे मढवलेल्या जहाजांसाठी सुचवलेली. तरीही पोलादी नौका बहुधा आतून कुजते, लाकडी फळ्यांमागे साचलेल्या ओलाव्याने. बाहेरचा गंज निदान दिसतो.

डोलकाठी धरून ठेवणारा तारेचा दोर खाणीतला आहे. जर्मनीतील हार्झच्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी तो 1834 मध्ये वापरात आणला आणि लवकरच त्याने जहाजांवर तागाच्या दोराची जागा घेतली. पुढे स्टेनलेस तार आली, आणि विमानांमुळे परिचित झालेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या डोलकाठ्याही. 'डिफेंडर'चा धडा इथे पुन्हा लागू होतो: ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि पोलादी डेक यांमध्ये धातूंचा स्पर्श तोडणारा थर ठेवावाच लागतो. तार अडकवण्याच्या पट्ट्या मात्र थेट कवचाला वेल्ड करता येतात, त्यामुळे गळक्या बोल्टांची कटकट उरत नाही. काही बांधणारे आजही स्टेनलेसऐवजी जस्त चढवलेली जुनी तारच घेतात, कारण स्टेनलेस दाबलेल्या टोकाच्या आत गुपचूप चिरते, आणि जस्ताची तार तुटण्याआधी तांबूस होऊन बरेच दिवस सांगत राहते.