आय'म नॉट इन लव्ह

टेन सीसी या ब्रिटिश रॉक गटाचे १९७५ मधील गीत. सॉफ्ट रॉक बॅलड या प्रकारातील प्रातिनिधिक रचनांत त्याची गणना होते. शब्द व चाल एरिक स्ट्यूअर्ट आणि ग्रॅहॅम गूल्डमन यांची. मुख्य गायन स्ट्यूअर्टचे. केव्हिन गॉडली आणि लोल क्रेम हे गटाचे उर्वरित दोन सदस्य. ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ (१९७५) या अल्बममध्ये ते प्रथम आले व त्याच वर्षी सिंगल (स्वतंत्रपणे विकली जाणारी एका गीताची तबकडी) म्हणून निघाले. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर, तर अमेरिकेत बिलबोर्ड हॉट १०० यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. असे यश त्या दशकातील इतरही अनेक संथ प्रेमगीतांना मिळाले. हे गीत वेगळे ठरते ते त्याच्या घडणीमुळे. अशा गीतांत सर्वसाधारणपणे तंतुवाद्यांचा ताफा जे काम करतो, ते येथे केवळ माणसांच्या आवाजांवर सोपवलेले आहे.

पार्श्वभूमी : चौघेही मँचेस्टर परिसरातले. गूल्डमनने साठच्या दशकात इतरांसाठी गाणी लिहून नाव कमावले होते. यार्डबर्ड्सचे ‘फॉर युवर लव्ह’, हॉलीज गटाचे ‘बस स्टॉप’ आणि हर्मन्स हर्मिट्सचे ‘नो मिल्क टुडे’ ही त्याची गाणी. स्ट्यूअर्ट माइंडबेंडर्स या गटातून आला. गॉडली आणि क्रेम कलाशाळेत शिकलेले होते. स्ट्यूअर्ट, गॉडली आणि क्रेम यांनी हॉटलेग्ज या नावाने केलेले ‘नीअँडरथल मॅन’ १९७० मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. १९७२ पासून चौघे टेन सीसी या नावाने ओळखले जाऊ लागले. नावाच्या उगमाविषयी एकाहून अधिक कथा आहेत. ते आपल्याला स्वप्नात दिसले, असे गटाचा पहिला प्रकाशक जोनाथन किंग याने सांगितले आहे.

स्टॉकपोर्ट या गावातील स्ट्रॉबेरी स्टुडिओ ही या गटाची कर्मभूमी. मँचेस्टरला लागून असलेले हे गाव पूर्वी टोप्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. ध्वनिमुद्रणासाठी लंडन गाठण्याचा रिवाज असताना साठच्या दशकाच्या अखेरीस येथे स्टुडिओ उभा राहिला. स्ट्यूअर्ट त्याच्या चालकांपैकी एक, पुढे गूल्डमनही त्यात आला. स्ट्यूअर्ट स्वतःच ध्वनिमुद्रकाचे काम करी. या गीताच्या संदर्भात ही बाब निर्णायक मानावी लागते. तासावर भाडे आकारणाऱ्या स्टुडिओत नुसत्या पार्श्वस्वरांवर सुमारे तीन आठवडे घालवणे कोणत्याही कंपनीने मान्य केले नसते. येथे गायक, वादक, ध्वनिमुद्रक आणि जागेचे मालक एकच होते.

रचना : ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं तू पुरेसं म्हणत नाहीस,’ ही पत्नीची तक्रार गीताच्या मुळाशी आहे, असे स्ट्यूअर्टने वारंवार सांगितले आहे. हे शब्द रोज उच्चारले तर त्यांचा अर्थ झिजून जाईल, असे त्याला वाटे. तेव्हा प्रेमात नाही म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून प्रेम कबूल करवण्याची कल्पना त्याला सुचली. गीतातील नायक एकामागून एक सबबी सांगतो: हे काही दिवसांचे खूळ आहे, फोन केला म्हणून फार अर्थ काढू नकोस, मित्रमैत्रिणींत बोलू नकोस. तिचा फोटो भिंतीवर लावला आहे तोही तेथील डाग झाकण्यासाठी, असे तो बजावतो. हा तपशील आईवडिलांच्या घरातील आपल्या खोलीच्या भिंतीला गेलेल्या तड्यावरून सुचला, असे स्ट्यूअर्टचे म्हणणे. पहिली कडवी व चालीचा आरंभ स्ट्यूअर्टचा. स्वरसंगतीच्या वळणांत आणि आरंभीच्या वाद्यखंडात गूल्डमनचा वाटा मोठा होता.

गीताचे पहिले रूप बोसा नोव्हा या ब्राझिली ठेक्यातले होते. त्या रूपात ते ध्वनिमुद्रितही झाले. पण गॉडली व क्रेम यांना ते मुळीच रुचले नाही. चौघांच्या मताला सारखे वजन असल्यामुळे गीत बाजूला पडले आणि टेपही पुसली गेली. त्यामुळे दोन रूपांची तुलना करण्याचा मार्ग आता उरलेला नाही, आणि पहिल्या रूपाविषयी जे लिहिले जाते ते सर्व त्या चौघांच्या आठवणींवर आधारलेले आहे. स्टुडिओतील कर्मचारी तीच चाल गुणगुणत असल्याचे स्ट्यूअर्टच्या कानावर आले व त्याने गीत पुन्हा काढले, ही हकिकत बहुतेक सर्व कथनांत आढळते. कोण गुणगुणत होते याबाबतचे तपशील बदलतात. फेरविचाराच्या वेळी वाद्ये जवळजवळ वगळून सारे आवाजांनीच करावे, ही सूचना गॉडलीची, तर त्यासाठी टेपची वेटोळी वापरावीत ही क्रेमची, असे स्ट्यूअर्टने नोंदवले आहे. ज्यांनी गीत नाकारले त्यांनीच त्याला आजचे रूप दिले, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय.

स्वरांचा थर : ध्वनिमुद्रण १९७४ च्या अखेरीस वा १९७५ च्या अगदी आरंभी झाले असावे. आधी एक मार्गदर्शक सांगाडा बसवला गेला. त्यात स्ट्यूअर्टचा विद्युत पियानो, गूल्डमनचा हलका गिटार-ठेका आणि गॉडलीने मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर काढलेला, हृदयाच्या ठोक्यासारखा मऊ घुमारा होता.

यानंतर मूळ कामाला हात घातला गेला. गूल्डमन, गॉडली आणि क्रेम हे तिघे एकाच मायक्रोफोनपुढे उभे राहून एकच स्वर ‘आ’कारात लावत. सोळा ट्रॅकच्या, म्हणजे एकाच टेपवर सोळा स्वतंत्र ध्वनी शेजारीशेजारी भरणाऱ्या यंत्रावर तोच स्वर सोळा वेळा भरला जाई. म्हणजे एका स्वरासाठी ४८ आवाज. तीन गळ्यांचे गायन सोळापट केले की केवळ आवाज वाढतो असे नाही. प्रत्येक वेळी सूर केसभर वरखाली होतो, श्वास वेगळ्या क्षणी घेतला जातो, ‘आ’चा उघडेपणा बदलतो. या सूक्ष्म फरकांमुळे कानाला तीन माणसे ओळखू येत नाहीत. मोठा समूह गात असल्याचा भास होतो. हे ४८ आवाज मिश्रित करून स्टिरिओ टेपवर उतरवत, त्या टेपचा तुकडा कापून दोन्ही टोके जोडत आणि त्याचे वेटोळे तयार करत. सप्तकातील सर्व अर्धस्वरांसाठी हा क्रम पुन्हा पुन्हा झाला.

वेटोळे जितके लांब तितका जोड यंत्राच्या हेडवरून, म्हणजे टेपवरील ध्वनी वाचणाऱ्या भागावरून, कमी वेळा जातो, म्हणून त्याची लांबी सुमारे १२ फूट ठेवली होती. एवढी टेप यंत्रावर मावेना. तेव्हा ती यंत्राबाहेर काढून मायक्रोफोनच्या स्टँडवर बसवलेल्या लहानशा फिरत्या चाकाभोवतून परत आणली जाई. हे चाक यंत्राच्या हेडशी अगदी सरळ रेषेत व ताणात नसले तर सूर डळमळे. सेकंदाला १५ इंच हा त्या काळी रूढ असलेला वेग धरल्यास असे वेटोळे साडेनऊ-दहा सेकंदांत एक फेरा पूर्ण करते. तो अखंड फिरता स्वर पुन्हा सोळा ट्रॅकच्या यंत्रावर, प्रत्येक स्वराला एक ट्रॅक याप्रमाणे, सुमारे सात मिनिटे भरला गेला. मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची फीत असते, पण तिचा स्वर आठेक सेकंदांत संपतो. वेटोळ्याने ही मर्यादा ओलांडली. श्वासाला मर्यादा असलेला मानवी गळा येथे प्रथमच हवा तितका काळ धरता येणारा स्वर बनला, असे म्हटले जाते. ‘प्रथमच’ हा दावा तपासून पाहण्याजोगा असला, तरी लोकप्रिय गीतात एवढ्या प्रमाणावर हे आधी झाल्याचे उदाहरण देणे कठीण आहे.

आवाजांच्या संख्येबाबत मतभेद आहेत. सर्वाधिक प्रचलित आकडा २५६. तो १६ चा वर्ग असल्याने सोळा ट्रॅकच्या यंत्रावरून कोणीतरी केलेला ढोबळ हिशेब त्यामागे असावा. स्ट्यूअर्टने सांगितलेल्या कृतीनुसार १३ स्वर (बारा अर्धस्वर व वरचा षड्ज) आणि प्रत्येकी ४८ आवाज धरले, तर बेरीज ६२४ होते. बाराच स्वर धरणाऱ्यांच्या हिशेबाने ५७६. कृतीशी जुळणारा ६२४ हाच आकडा अधिक ग्राह्य वाटतो. मात्र हे सर्व आवाज एकाच वेळी पूर्ण क्षमतेने ऐकू येत नाहीत. तीन-चार स्वरांची संगती उचलली जाते तेव्हा प्रत्यक्षात १४४ ते १९२ आवाज पुढे येतात.

पुढची पायरी मिश्रणाची. स्वरांचे ट्रॅक मिक्सिंगच्या टेबलावर आणून चौघांनी त्यांचे फेडर (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या कळा) वाटून घेतले आणि गीताच्या स्वरसंगतीनुसार ते हाताने वरखाली केले. टेबल हेच वाद्य झाले. फेडर पूर्ण खाली जाऊ नयेत म्हणून तळाशी चिकटपट्टी लावली होती. परिणामी न लागणारे स्वरही अत्यंत मंद, पण सतत वाजत राहिले. तंबोऱ्याप्रमाणे खाली अखंड स्वर राहतो. फरक असा की येथे षड्ज-पंचम नसून बाराही स्वर एकत्र झिरपत असतात. गीताला जो धूसर, ओलसर पोत आहे तो बहुतांशी या चिकटपट्टीचा परिणाम आहे. हा संपूर्ण थर शेवटी दोन ट्रॅकवर उतरवून मुख्य गायनासाठी जागा मोकळी करण्यात आली.

मधल्या भागात गूल्डमनचा बास गिटारचा एकल तुकडा आणि लहान मुलांच्या संगीतपेटीचा आवाज आहे. त्याच ठिकाणी एक स्त्री कुजबुजत्या स्वरात, गप्प राहा, मोठी मुले रडत नसतात, असे बजावते. हे शब्द कोणाच्या आवाजात घ्यावेत याचा खल चालू असताना स्टुडिओच्या कार्यालयातील सचिव दार किलकिले करून, फोन आल्याचे दबक्या आवाजात सांगून गेली. हवा तो आवाज हाच, असे क्रेमने ओळखले. तिला बरेच आर्जव करून मायक्रोफोनपुढे आणावे लागले. नायकाची फुशारकी आणि हा समजुतीचा आवाज एकमेकांना छेद देतात. शब्द नाकारतात आणि त्यांखालचे स्वर कबूल करतात, अशी या गीताची एकूण योजना आहे; कुजबुज हा तिचा उघड झालेला बिंदू.

प्रसिद्धी व यश : याच सुमारास गटाने जोनाथन किंगच्या यूके रेकॉर्ड्सची साथ सोडून फोनोग्राम समूहाच्या मर्क्युरी कंपनीशी करार केला. या गीताची टेप ऐकून कंपनी राजी झाली, असे स्ट्यूअर्ट सांगतो. तरीही अल्बममधून पहिले सिंगल म्हणून ‘लाइफ इज अ मिनस्ट्रोनी’ हे खेळकर गीत निवडले गेले व ते ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेले. ‘आय'म नॉट इन लव्ह’ सहा मिनिटांहून किंचित लांब, म्हणजे रेडिओच्या दृष्टीने गैरसोयीचे. त्याची छाटलेली आवृत्तीही त्यामुळे प्रचारात आली. तीत गीताचा संथ विस्तारच हरवतो.

२८ जून १९७५ च्या आठवड्यात गीत ब्रिटनमध्ये अग्रस्थानी आले व दोन आठवडे राहिले. आयर्लंड व कॅनडातही ते अव्वल ठरले. अमेरिकेत जुलैच्या अखेरीपासून तीन आठवडे ते दुसऱ्या स्थानी अडले, आणि दर आठवड्याला पुढे वेगळे गीत होते: व्हॅन मकॉयचे ‘द हसल’, ईगल्सचे ‘वन ऑफ दीज नाइट्स’, बी जीजचे ‘जाइव्ह टॉकिन'’. तिन्हींच्या ठेक्यावर नृत्यसंगीताची छाप आहे. डिस्कोचा जोर वाढत असताना जवळजवळ तालवाद्यहीन गीत तेथवर पोहोचले, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९७६ मध्ये त्याला तीन आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाले: सर्वोत्तम पॉप गीत, वर्षातील आंतरराष्ट्रीय यश आणि सर्वाधिक सादर झालेली ब्रिटिश रचना.

पुरस्कार गीतलेखनाचे असल्याने ते अधिकृत रचनाकार म्हणून स्ट्यूअर्ट व गूल्डमन यांच्याकडे गेले. मात्र स्वरांच्या थराशिवाय या गीताचा विचारच करता येत नाही, आणि त्याची कल्पना इतर दोघांची. प्रस्तुत लेखकाच्या मते चौघांनाही सहरचनाकार मानणे अधिक न्याय्य ठरेल. गॉडली व क्रेम १९७६ मध्ये गटातून बाहेर पडले. गिटारवर बसवायच्या गिझ्मो या उपकरणाचा विकास हे त्याचे एक कारण. पुढे दोघे संगीतचित्रफितींचे दिग्दर्शक म्हणून नावाजले. उरलेल्या दोघांनी गट चालू ठेवला. १९७८ चे ‘ड्रेडलॉक हॉलिडे’ हे गटाचे ब्रिटनमधील तिसरे अव्वल गीत. क्रिकेट आवडत नाही, त्यावर प्रेम आहे, या आशयाच्या त्यातील ओळीमुळे ते भारतीय क्रिकेटप्रेमींच्याही कानावरून गेलेले असते.

प्रभाव : बिली जोएलच्या ‘जस्ट द वे यू आर’ (१९७७) या गीतातील ‘आ’काराचा पार्श्वथर या गीतावरून स्फुरला, असे सामान्यतः मानले जाते. विल टू पॉवर या अमेरिकी गटाची आवृत्ती १९९० मध्ये निघाली व तीही तेथे पहिल्या दहांत पोहोचली. प्रिटेंडर्स गटाने ‘इंडीसन्ट प्रपोजल’ (१९९३) या चित्रपटासाठी ते गायले. टोरी एमॉसने ‘स्ट्रेंज लिटल गर्ल्स’ (२००१) या अल्बममध्ये, पुरुषांनी लिहिलेली गीते स्त्रीच्या बाजूने गाताना ते घेतले. नायकाच्या सबबी तेथे निराळ्याच ऐकू येतात. मूळ ध्वनिमुद्रण ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’ (१९९९) आणि ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ (२०१४) या चित्रपटांत वापरले गेले. दुसऱ्या चित्रपटाच्या आरंभीच ते वाजते व त्यामुळे नव्या पिढीच्या परिचयाचे झाले.

स्ट्रॉबेरी स्टुडिओत १९७९ मध्ये जॉय डिव्हिजन गटाचा ‘अननोन प्लेझर्स’ हा अल्बमही ध्वनिमुद्रित झाला. स्टुडिओ १९९३ मध्ये बंद पडला. वॉटर्लू रोडवरील त्याच्या इमारतीवर आता स्मृतिफलक आहे.