दहा मिनिटांच्या ओळखीतल्या थापा

रॉबर्ट फेल्डमन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या शाखेत मानसशास्त्र शिकवलं. त्यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग गाजला. विद्यार्थ्यांच्या १२१ जोड्या, दोघे एकमेकांना अनोळखी, गप्पांना वेळ दहा मिनिटं आणि कॅमेरा लपवलेला. काहींना आधी सांगितलं होतं, समोरच्याला तुम्ही आवडला पाहिजेत. काहींना, तुम्ही कर्तबगार वाटला पाहिजेत. उरलेल्यांना फक्त समोरच्याची ओळख करून घ्यायला सांगितलं होतं. नंतर चित्रीकरण दाखवून त्यांनाच विचारलं, यात खोटं कुठे बोललात?

साठ टक्के जण निदान एकदा खोटं बोलले होते, सरासरी दोन-तीनदा. आपण एवढ्या थापा मारल्या, हे चित्रीकरण पाहीपर्यंत त्यांच्या ध्यानातही नव्हतं. एकाने तर आपण रॉक बँडचा मुख्य कलाकार असल्याचं ठोकून दिलं होतं.

‘माणूस दर दहा मिनिटांना तीनदा खोटं बोलतो’ असा याचा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. ही अनोळखी माणसाशी पहिली भेट होती. घरी, जुन्या मित्रांत आपण असे वागतो असं यातून निघत नाही. शिवाय चाळीस टक्के जण एकदाही खोटं बोलले नाहीत.

खरी मेख वेगळीच आहे. छाप पाडायला सांगितलेले जास्त खोटं बोलले. समोरच्याला आवडायचं होतं त्यांच्या थापा एका तऱ्हेच्या, कर्तबगार दिसायचं होतं त्यांच्या दुसऱ्या. स्त्री-पुरुषांच्या थापांची संख्या सारखीच, पण स्त्रियांचा कल समोरच्याला बरं वाटावं याकडे, तर पुरुषांचा स्वतःला मोठं दाखवण्याकडे.

समोरच्याच्या मनातल्या प्रतिमेचा हा प्रभाव फेल्डमन यांनी वर्गातही तपासला होता. थॉमस प्रोहास्का यांच्यासोबतचं त्यांचं १९७९ चं संशोधन मला याहून मोलाचं वाटतं. शिक्षक चांगले आहेत असं ज्यांच्या कानावर घातलं, त्या विद्यार्थ्यांना धडा अधिक रंजक आणि सोपा वाटला. दुसऱ्या प्रयोगात बाजू उलटवली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हावभावांचा शिकवणाऱ्यावरही परिणाम दिसला.

पुढे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी फेल्डमन यांनी ‘पॉवर’ ही अभ्यासपद्धत मांडली. पाच टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव: तयारी, जुळवाजुळव, काम, मूल्यमापन, फेरविचार. यातलं मूल्यमापन मला सर्वांत अवघड वाटतं. स्वतःच्या थापा चित्रीकरणाशिवाय ज्याला दिसत नाहीत, त्याला ‘माझा अभ्यास झालाय’ ही स्वतःलाच मारलेली थाप कशी दिसणार? म्हणून काय साधायचं ते सुरुवातीलाच ठरवायचं आणि शेवटी झालेलं काम त्याच्याशी ताडून पाहायचं.