हौदात वाढलेलं हृदय

‘माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही’ हे खरंच. पण पोहता येणं वेगळं आणि दम टिकणं वेगळं.

स्वीडन-फिनलंडमधल्या नद्यांवर धरणं झाली आणि सॅमन माशांची समुद्रातून नदीत अंडी घालायला जायची वाट अडली. (आपल्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो तो रावस, त्याचा या कुळाशी संबंध नाही.) भरपाई म्हणून तिथे दरवर्षी हौदात वाढवलेली लाखो पिल्लं सोडतात. ओळखू यावीत म्हणून त्यांचा शेपटीजवळचा इवलासा मांसल पर कापलेला असतो. समुद्रातून परत येणारी मात्र थोडकीच.

संथ पाणी, वेळेवर दाणा. हौदात धडपडायचं कशाला? याचा परिणाम हृदयावर होतो. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं. तिथून रक्त कल्ल्यांकडे, कल्ल्यांतून प्राणवायू घेऊन परस्पर शरीरभर, आणि सगळ्यांना वाटून उरलेलं परत हृदयात. पंगत उठल्यावर जेवणाऱ्या यजमानीणबाईंसारखं. सॅमनच्या निलयाची, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याची, भिंत दुपदरी असते. बाहेरच्या घट्ट थराला ताजं रक्त पुरवणारी स्वतःची धमनी असते. आतला स्पंजासारखा थर मात्र निलयातून जाणाऱ्या त्या उरल्यासुरल्या रक्तावरच भागवतो. मासा जोरदार प्रवाहाशी झुंजायला लागला की स्नायूच बहुतेक प्राणवायू ओढून घेतात. म्हणजे हृदयाला काम दुप्पट आणि ताट रिकामं!

रानातल्या सॅमनचं निलय टोकदार, पिरॅमिडसारखं. पाळलेल्याचं बरेचदा गोलसर. सॅमनच्याच कुळातल्या ट्राउट माशांत कच्च्या पोहणाऱ्यांची हृदयं पट्टीच्या पोहणाऱ्यांपेक्षा जास्त गोल निघाली आहेत.

म्हणून व्यायाम. गोल हौदात पाण्याचा झोत तिरका सोडला की पाणी फिरत राहतं, आणि मासा उपजतच प्रवाहाकडे तोंड करून पोहतो. वेग मोजायचा माशाच्या लांबीत: सेकंदाला दीड लांबी, म्हणजे १५ सेंमीच्या पिल्लाला २२.५ सेंमी. फार जोर लावला तर पिल्लं थकून जाळीला चिकटतात.

‘माशांची जिम’ असे मथळे वाचून हुरळू नका. व्यायामाने दम वाढतो. समुद्रातून परतणारे वाढतात का, याचे निकाल संमिश्र आहेत. सील आणि पाणकावळे हृदयाचा आकार बघून शिकार करत नाहीत. (ईशान्येच्या फिशटँकने धनलाभ होतो म्हणणाऱ्यांनी त्या वीतभर पाण्यातल्या माशाच्या हृदयाचाही विचार करावा.)

लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवतात. त्यांनाही पुढे खडकाळ, धावत्या पाण्यातच राहायचंय.