खानावळीच्या वहीतला खरेपणा

नात्यात आता खरेपणा उरला नाही, सगळे कामापुरते, असं हल्ली कोणीही म्हणतं. पण मुंबईत हा खरेपणा टिकला कशावर, ते बघायचं तर गिरणगावात जायला लागतं.

१८५४ साली कावसजी दावर यांनी इथली पहिली कापडगिरणी काढली आणि मग परळ, लालबाग, भायखळा सगळं भरतच गेलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली, बायकापोरं गावाला. एका खोलीत सगळे गाववाले, एक पाळी उठली की दुसरी आडवी व्हायची. जेवण खानावळीत, खानावळ म्हणजे पाटीबिटी काही नाही, चाळीतलीच एखादी मावशी, बरेचदा कामगाराचीच बायको, दोन टाइम भाकरी-कालवण, हिशोब वहीत, गणपतीला गावी गेलास तर तेवढे खाडे वजा. ना सही ना जामीन.

१९७३-७४ च्या संपात पगार बंद झाले तरी या बायकांनी ताट बंद केलं नाही, स्वतः उधारी करून जेवायला घातलं. हे जवळून बघितलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तारण काय तर एकमेकींची हमी. म्हणजे बँकेनेसुद्धा शेवटी शेजारणीच्या शब्दावरच पैसे दिले की!

आता ही माणसं काही देव नव्हती हां. कॉमन गॅलरी, कॉमन नळ, कॉमन संडास, तिथे खोटं लपणार किती? मावशीचे पैसे बुडवले तर खोलीतले गाववाले आधी विचारणार, मग गावी बापाला कळणार. आणि राग आला तर नळावरच तोंडावर भांडण, मनात ठेवून गोड बोलायला वेळ कोणाला होता.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत, कोणी गावी गेलं, कोणी विरार-बदलापूरला. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, दारं बंद झाली, आता शेजारी कसा आहे ते ग्रुपवरच्या ‘काळजी घ्या’वरून ओळखायचं.

भिशी मात्र अजून चालते. पहिला नंबर लागलेला पुढचे हप्ते भरेलच याचा कागद कुठे नसतो, फक्त नवीन मेंबर घेताना कोणीतरी विचारतंच, हा कोणाच्या ओळखीचा?